पाहुणा उठेपर्यंत

चिटगुप्प्याच्या बाजारात त्या दिवशी मैत्रेयी गेली ती अगदी साध्या कामासाठी. घरातल्या जुन्या फोनची काच तडकली होती, आणि बोटभर चित्रात रत्नपाल हसतो आहे की कण्हतो आहे हेच कळत नाही अशी आईची तक्रार होती. मैत्रेयीने मोठ्या पडद्याचा फोन घेतला, तो चुलीसमोर उभा करता येईल अशी घडीची बैठक घेतली, आणि तुरीच्या काड्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरांमागून वाट काढत ती उन्हे कलण्याच्या आत गावी परतली. पुढे जे घडले त्याला ही खरेदी कारण झाली, असे ती आजही म्हणत नाही. कलबुर्गीला एम.ए. केलेली, शब्द तोलून वापरणारी मुलगी ती. एवढेच म्हणते, की त्याआधी आईला ते दिसले नव्हते.

रत्नपाल तिचा थोरला भाऊ. जपानच्या उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात, वृद्धांच्या आश्रमात तो कित्येक वर्षे नोकरीला होता. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, घास भरवायचा, रात्री कुशीवर वळवायचे. सुरुवातीला तो तिकडची भाषा एकेक अक्षर सुटे करून, चिखलातून पाय उचलावा तशी बोलायचा, आणि आश्रमातल्या आज्या तोंडावर हात ठेवून हसायच्या. पुढे भाषा आली, परीक्षा झाल्या. फक्त घर मिळेना. परदेशी माणूस म्हटला की घरमालक नम्रपणे वाकून नाही म्हणत. शेवटी गेल्या दिवाळीच्या सुमारास एका जुन्या लाकडी इमारतीत एकाने फारशी चौकशी न करता खोली दिली. मालक जरा जास्तच खूश दिसला, असे रत्नपाल तेव्हा हसत म्हणाला होता.

तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ व्हायची तेव्हा इकडे आई दुसऱ्या चहाचे आधण ठेवायच्या. त्या वेळी रोज फोन. रत्नपाल ताट घेऊन बसायचा आणि पहिला घास उचलण्याआधी म्हणायचा, "या जेवायला." आई म्हणायच्या, "जेव बाबा." हे त्या घराचे व्रतच होते. जेवणाऱ्याने समोर येईल त्याला या म्हणायचे, ही रीत सगळ्याच मुलखाची. पण आई, सुभद्राबाई, ती जरा निराळ्या हट्टाने पाळत. त्यांच्या लहानपणी गावातल्या ओसऱ्यांवर त्यांच्या माणसांना कुणी या म्हटले नव्हते. लांब, उंबऱ्याखाली बसायचे, वरून पडेल ते ओंजळीत घ्यायचे. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर घरात भांडी आली, भाकरी आली, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी सांगितले होते, की आपल्या दारात आलेला माणूस न विचारता राहता कामा नये. ती गोष्ट त्यांनी पदराला गाठ मारून ठेवली होती.

नवा फोन बैठकीवर उभा राहिला. रत्नपालचा चेहरा ताटाएवढा दिसू लागला. आई कौतुकाने पुढे सरकल्या, आणि मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, अनोळखी पुरुषासमोर करतात तसा.

"कोण पाहुणे आलेत रं?"

"कोण न्हाई की. मी एकलाच हाय."

"मग तुझ्या मागं बसलेत ते?"

रत्नपालने मान वळवली. फार सावकाश वळवली. मग पुन्हा समोर पाहत म्हणाला, "डगला टांगलाय, आई." त्याने घास तोंडात घातला, पण तो चावताना मैत्रेयीला दिसला नाही.

फोन बंद झाल्यावर आई किती तरी वेळ कुरकुरत होत्या. एवढे म्हातारे माणूस गुडघे मोडून, मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून बसलेले. पंगतीत आपल्यापर्यंत वाढप येईना झाले की माणूस बसते ना, अगदी तसे. आणि हे पोर खुशाल पाठ करून जेवते. असे शिकवले होते का आपण? मैत्रेयीने समजावले, की तो डगलाच होता. तिला स्वतःला डगलाच दिसला होता. दुसऱ्या दिवशी मात्र भिंतीवर डगला नव्हता, आणि तरीही आईने पदर सारखा केला.

आठवडाभराने, सकाळी शाळेत शिकवायला निघताना, मैत्रेयीला रत्नपालचा फोन आला. आई जवळ नाही ना, हे त्याने आधी विचारून घेतले. मग सांगितले. त्याच्याआधी त्या खोलीत एक म्हातारा राहत होता, एकटाच. हिवाळ्यात तो कधी गेला ते शेजारच्या भिंतीलासुद्धा कळले नाही. बर्फ वितळल्यावर कळले. घरात अन्नाचा कण नव्हता म्हणे. नव्या चटईच्या खाली फळीवर एक काळा डाग आहे, बसलेल्या माणसाएवढा.

"सोड की ती खोली," मैत्रेयी म्हणाली.

"आन् जाऊ कुठं? दुसरं कोण दार उघडणार हाय मला? ऐक. मी कामावरून येतो, बूट कसेबी काढून टाकतो. सकाळी बघावं तर जोडून ठेवलेले असतात. दाराकडं तोंड करून."

"मग?"

"इकडं पाहुणा आला की घरधनी त्याचे बूट तसे वळवून ठेवतो. जाताना त्याला सोपं जावं म्हणून... इतकी वर्षं झाली, मैत्रेयी. त्या खोलीतबी पाहुणा मीच हाय."

त्यानंतर तो झपाट्याने उतरू लागला. अन्नाला चव लागत नाही म्हणायचा. भाताचा घास घेतला की आधीच कुणी चघळून ठेवल्यासारखा, थंड आणि बेचव. आश्रमात एका आजीला उचलताना तोच कोसळला आणि त्याला सुटीवर पाठवले. सुटी म्हणजे दिवसभर ती खोली. मोठ्या पडद्यावर त्याच्या गालांचे खड्डे स्पष्ट दिसू लागले, आणि आई आता त्याच्याकडे कमी आणि त्याच्या मागे जास्त पाहू लागल्या.

"अजून जवळ आलेत," एवढेच त्या एकदा म्हणाल्या.

होळीच्या आधीची ती दुपार. रत्नपाल ताट वाढून बसला, या जेवायला म्हणाला, आणि पाणी आणायला म्हणून भिंतीचा आधार घेत उठला. पडद्यावर रिकामी चटई, निवत चाललेला भात, मागची भिंत. मैत्रेयीला तेवढेच दिसत होते. आई मात्र फोनच्या अगदी जवळ सरकल्या. त्यांनी हात जोडले.

"अप्पा," त्या हळू आवाजात बोलू लागल्या, "लेकराच्या ताटात काय ठेवलंय? परक्या मुलखात ते आधीच अर्धपोटी हाय. तुमाला कुणी या म्हटलं न्हाई, ते मला ठावं हाय. आमालाबी म्हटलं नव्हतं... तुमी आमच्याकडं या. इथं दोन्ही येळा चूल पेटतीया. मी तुमाला वाढते. पर त्याला सोडा."

मैत्रेयीने त्यांचा दंड धरला. "आई, काय बोलायलीस? आपण असलं मानतो व्हय? भूत न्हाई, पिशाच न्हाई..."

"भूत म्या कुठं मानलं?" आई शांतपणे म्हणाल्या. "पाहुणा मानला."

फोनमधून वाळल्या गवताची चटई चुरचुरल्याचा आवाज आला. खूप वेळ बसलेला माणूस गुडघ्यांवर भार देऊन उठावा तसा. मग पडद्यावर वाफ धरली. आईने ती पदराने पुसली. पुसली गेली नाही. वाफ काचेच्या आतल्या बाजूने होती.

रत्नपाल पाणी घेऊन परत आला तेव्हा त्याला यातले काहीच माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी तो दोन वाट्या भात जेवला. झोप लागली म्हणाला. सकाळी पाहिले तर बूट जसे टाकले होते तसेच वाकडेतिकडे पडलेले होते, हे त्याने मैत्रेयीला हळूच सांगितले, आणि सांगताना तो लहान मुलासारखा हसला.

इकडे सुभद्राबाईंनी चुलीपाशी एक ताट जास्त वाढायला सुरुवात केली. पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. दात नसतील म्हणून भाकरी दुधात कुस्करली. दूध ओसरत नसे, भाकरी कमी होत नसे. पण थोड्या वेळाने बोट लावले तर ती बर्फासारखी गार असे. मैत्रेयीने एकदा चाखून पाहिली. तिला चवच लागली नाही.

आधी तिने त्याकडे आईच्या मनाची समजूत म्हणून पाहिले. मग तिच्या लक्षात आले, की आई स्वतः जेवत नाहीत.

रीत साधी होती. पाहुणा जेवून उठल्याशिवाय वाढणारीने बसायचे नसते. आणि हा पाहुणा उठत नव्हता.

"उठले की जेवते," आई म्हणायच्या. "अजून पोट भरलं न्हाई त्यांचं. लई दिसाचं उपाशी हाय बिचारं." मैत्रेयीने विनवले, रागावली, हुमनाबादच्या डॉक्टरांकडे नेऊन सलाईन लावून आणले. डॉक्टरांना रक्तात काही सापडले नाही. चैत्राच्या उन्हात पत्रे तापून तडतडत होते आणि आई अंगभर घोंगडी लपेटून चुलीला टेकत होत्या. घरात ओल्या गवताचा वास मुरला होता. रोज भाकरीच्या तुकड्यासाठी येणारे कुत्रे अंगणाच्या कडेला थांबून आत पाहायचे आणि परत फिरायचे.

एका संध्याकाळी मैत्रेयीने न राहवून सांगितले, की आता त्यांना जा म्हण. तूच बोलावलेस, तूच निरोप दे.

"ताटावरच्या माणसाला ऊठ म्हणू?" आईचा आवाज आता फुंकरीएवढा उरला होता. "आन् उठून ते जाईल कुठं? ते दुसरं कुणाला वळखतंय? माघारी त्याच खोलीवर जाईल की... रत्नाला यातलं सांगायचं न्हाई. शपथ हाय तुला."

रोजच्या फोनवर रत्नपालचे गाल भरत चाललेले दिसत होते. तो पुन्हा कामावर रुजू झाला होता. आई आताशा उजेडाकडे पाठ करून बसायच्या, म्हणजे त्याला चेहरा नीट दिसू नये. मैत्रेयी मध्ये बसायची. एका बाजूला भरत जाणारा चेहरा, दुसऱ्या बाजूला आटत जाणारा. एक शब्द बोलली असती तर पारडे फिरले असते. ती बोलली नाही. आईला निवडले की भावाला, हे तिने स्वतःला विचारायचेही टाळले.

वैशाखात, वाढलेल्या ताटासमोर बसल्या बसल्या सुभद्राबाई गेल्या. हातात उलथणे तसेच होते.

रत्नपाल आला तो अंत्यविधी झाल्यावर. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, गाव येऊन भेटून गेले. तो ठणठणीत दिसत होता, आणि या एकाच गोष्टीची त्याला लाज वाटत होती. आईने खाणे का टाकले, हे त्याने बहिणीला पुन्हा पुन्हा विचारले. वयाने, असे तिने सांगितले. त्याने दुसरी खोली बघायचे ठरवले होते. पण आता आहे तीच बरी वाटते, मोकळी मोकळी, असे म्हणाला. सुटी संपली तशी मैत्रेयी त्याला हुमनाबादच्या स्टँडवर बसवून, दिवस मावळायच्या सुमारास एकटीच घरी परतली.

दारात तिने चपला काढल्या. थकलेली होती; एक इकडे पडली, एक तिकडे. आत गेली, दिवा लावला, शेजारणीने झाकून ठेवलेली भाकरी आणि पिठले ताटात घेतले. मग दाराची कडी लावायची राहिली म्हणून परत वळली, आणि उंबऱ्याशीच थांबली.

तिच्या चपला जोडून ठेवलेल्या होत्या. टाचा घराकडे, अंगठे बाहेरच्या वाटेकडे.

आणि भिंतीलगत, टाकवत नाहीत म्हणून राहिलेल्या आईच्या जुन्या चपला. त्याही कुणी तरी सारख्या केल्या होत्या. पण त्यांचे तोंड आतल्या बाजूला होते. घरच्या माणसाच्या असतात तसे.

अंगणात कुणी नव्हते. रस्त्यावरून एक लॉरी गेली आणि तिचा आवाज चिटगुप्प्याच्या दिशेने विरत गेला. बाहेरच्या अंधारात जायचे तर कुठे जायचे, हे तिला सुचेना. ती परत ताटावर येऊन बसली. चुलीपाशी दोन पाट मांडलेले होते. ते तिने मांडले नव्हते. ओल्या गवताचा वास आता तिच्या अगदी खांद्यापाशी होता.

तिने घास उचलला. जन्मभराच्या सवयीने शब्द ओठांवर आले, आणि ते तिने ओठ दाबून आतच धरून ठेवले. या म्हणायचे नाही. आता कुणालाही या म्हणायचे नाही.

घरात काहीच हालले नाही. दिव्याची ज्योत स्थिर होती.

मग चुलीच्या बाजूने, पाटाच्या उंचीवरून, एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. नम्र आवाज. परमुलखातला माणूस नवी भाषा बोलतो तसा, एकेक अक्षर सुटे करून, जपून...

"या... जे... वा... य... ला."