डोणीतली जागा

फटफटी असूनही मी बैलाच्या चालीनं का जातो, असं तुम्ही दुपारी विचारलंत. बीडच्या कचेरीतले कारकून तर मला म्हशीवरचा साहेब म्हणतात. त्यांना मी हसून सोडून देतो. तुम्हाला सांगतो, कारण आज सांगायला हवं असं झालंय. कंदील जरा इकडे सरकवा.

हळू जायची सवय मला फ्रान्सात लागली. मी आणि गहिनीनाथ नगरच्या छावणीत एकाच दिवशी भरती झालो होतो. मी बीडचा, तो नेकनूरपासून तीन कोसांवरच्या, मांजरेकाठच्या गावचा. दोघंही निजामाची रयत, पण इंग्रजांचं भरतीचं ठाणं आम्हाला नगरचंच जवळ. आम्हाला खेचरांच्या पलटणीत घातलं. तोफांचे गोळे खेचरांवर लादायचे आणि अंधार पडला की मोर्च्यापर्यंत पोचवायचे, हे काम.

लढाई संपल्यावर आमच्या साहेबानं एक मोटरसायकल घेतली. तिच्या बाजूला एका माणसाला बसायला डोणी जोडलेली होती. तीन आठवडे साहेब आणि मी त्या देशातल्या आडवाटांनी हिंडलो. हमरस्ता टाळायचा, ताशी पाच-सहा कोसांच्या वर जायचं नाही, दिवस कलला की ओढ्याकाठी राहुटी ठोकायची. साहेब म्हणायचा, ज्याला पोचायची घाई त्याला काही दिसत नाही. मला त्या हिंडण्याची गोडी लागली, हे कबूल करतो. गहिनीनाथ तेव्हा आमच्यात नव्हता. पुढे नगरला आल्यावर साहेब विलायतेला निघाला आणि गाडी मला देऊन गेला.

फसली तेराशे तीसच्या हिवाळ्यात, म्हणजे लढाई संपून दोन वर्षांनी, मी त्या गाडीवरून गहिनीनाथाच्या गावी निघालो. काम साधं होतं. त्याच्या दंडावरचा चांदीचा ताईत त्याच्या आईला, केशरबाईला, नेऊन द्यायचा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. पलटणीच्या कागदावर तो बेपत्ता होता. चार वर्षं त्याची आई दाराला अडसर न लावता झोपत होती. त्याची बायको सुभद्रा अजून कुंकू लावत होती. तिचे भाऊ तिचा पाट लावून द्यायला तयार होते, पण माणूस मेल्याचं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं सांगत नाही तोवर ना त्याचे दिवस घालता येत, ना हिचा पाट लागत. म्हणून गहिनीनाथाचा चुलता मोहनराव यानं मला पत्र घातलं होतं. उत्तरेश्वरा, तू त्याच्याजवळ होतास, येऊन काय ते सांग, एवढंच.

नगर ते नेकनूर हमरस्त्यानं एका दिवसाची वाट. मी आडवाटेनं चार दिवस लावले. ही साहेबाची रीत, असं मी मनाला सांगत होतो. खरं तर मला पोचायचंच नव्हतं.

डोणीत माझी राहुटी, वळकटी, पातेलं आणि पेट्रोलचे डबे होते, वर ताडपत्री. कडा गावाच्या अलीकडे, निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागतो. तिथल्या जवानानं ताडपत्रीवर हात फिरवला, दाखला लिहायला घेतला आणि मान वर न करता विचारलं, "दूसरे का नाम?"

"दुसरं कोणी नाही. सामान आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, डोणीकडे पाहिलं. "जैसी तुम्हारी मर्जी," म्हणाला आणि काहीतरी लिहून कागद हातात दिला. मला उर्दू वाचता येत नव्हतं. दाखला खिशात टाकून मी पुढे निघालो.

आष्टीच्या पुढे गाडी डोणीच्या बाजूला ओढायला लागली. मी उतरून चाक पाहिलं, हवा पाहिली, सगळं ठीक. सामान तेवढंच होतं. मग मी जोर लावून हँडल धरत राहिलो. खेचरांबरोबर चार वर्षं काढलेल्या माणसाला ओझं किती वाढलं हे हाताला कळतं. मणभराहून जास्त होतं.

तिसऱ्या दिवशी पाटोद्याच्या पुढे, बालाघाटाच्या उतारावर एका विहिरीपाशी मुक्काम केला. तीन दगडांची चूल मांडली, चहा ठेवला. शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी आली. दगडाबाई तिचं नाव. हातात दोन भाकरी आणि ठेचा होता. परक्या वाटसरूला विचारायच्या आधी वाढायचं, अशी तिकडे रीत आहे.

"येवढ्या दोन कशाला, आजी? एक पुरे."

"तुला एक पुरंल रं. आन् त्येला?" तिनं डोणीकडे हनुवटी उडवली. "उतरू तर दे त्येला. कवाधरनं बसलाय, पाय आखडलं असतील. कावून उतरवत न्हाईस?"

संध्याकाळचं ऊन अजून ताडपत्रीवर होतं. ताडपत्री मधोमध दबली होती. मी म्हटलं, तिला मोतीबिंदू असेल. दुसरी भाकरी डोणीच्या कडेवर ठेवली आणि तिकडे पाठ करून बसलो. सकाळी भाकरी तशीच होती. पण ओल्या चुन्याचा वास येत होता. तो वास मी ओळखला. मला भीती वाटली.

तो वास कसा ओळखला ते आता सांगतो, कारण ते न सांगता पुढचं कळायचं नाही.

फ्रान्सात आम्ही होतो तिथली जमीन खडूची. पाऊस पडला की चुन्यासारखा पांढरा चिखल होई आणि त्यात खेचरंच्या खेचरं गडप होत. त्या संध्याकाळी वाटेवर गोळे पडायला लागले, जनावरं बिथरली. गहिनीनाथाच्या पोटरीला लागलं आणि तो एका खड्ड्यात कमरेपर्यंत रुतला. मी त्याला एकदा ओढलं. डावा पाय वर आला, बूट आतच राहिला. मग जवळच गोळा पडला. मी म्हटलं, डोली घेऊन येतो. त्यानं दंड पुढे केला, ताईत मी सोडून घेतला. तो म्हणाला, "हळू ने उत्तरेश्वरा… पन ने मला."

मी डोली आणायला गेलो नाही. मी पळालो. मागे वळून पाहिलं तेव्हा तो हात हलवत होता. म्हणजे जिवंत होता. पलटणीत मी सांगितलं, तो दिसला नाही.

तर चौथ्या दिवशी दुपारी मी त्याच्या गावात पोचलो. गाडी बरोबर केशरबाईच्या दारासमोर उभी केली, अंगणात. इंजिन बंद केलं आणि त्याच वेळी डोणी तिच्या स्प्रिंगांवर हळूच वर आली. कुणी उतरावं तशी. दार उघडंच होतं. केशरबाई चौकटीत उभी होती आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या बाजूला पाहत होती. मग तिनं डोळे चोळले.

"ये बाबा," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

माणसं जमली. मोहनराव मधे बसला. सुभद्रा दाराआड. मी ताईत केशरबाईच्या हातात दिला. तिनं तो मुठीत धरला आणि मोहनरावानं विचारलं.

"लई न्हाई विचारत. येकच सांग. तू डोळ्यानं पाह्यलंस का?"

खरं सांगायचं तर मला सोडून आल्याचंही सांगावं लागलं असतं. सगळं गाव बसलं होतं. मी म्हटलं, "व्हय. पाहिलं. माझ्या हातानं अग्नी दिला."

आत बांगड्या फुटल्याचा आवाज आला. केशरबाई रडली नाही. ताईताची मूठ तिनं छातीशी धरली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी नदीवर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणसाएवढा पुतळा केला. डोक्याच्या जागी नारळ. ज्याचं शरीर मिळत नाही त्याचं असंच करतात. तो जाळला. मी अंगणातच राहुटी ठोकली होती आणि निघायला बघत होतो, पण मोहनरावानं जाऊ दिलं नाही. मित्र म्हणून मला उभं केलं, आणि मी उभा राहिलो. परतताना तो सहज म्हणाला, "झालं येकदाचं. आता त्यो जिता जरी आला ना, तरी दारातनं न्हाई घ्यायचा. ज्येचं दिवस घातलं, त्येला माळवदावनं उतरवायचं. सवण्यातनं. पुन्यांदा जल्मल्यावानी."

आमच्याकडची घरं तुम्हाला ठाऊक आहेत. मातीचं सपाट छत, ते माळवद, आणि धूर जायला नि उजेड यायला त्याला हातभर रुंद भोक, ते सवणं. मी मान डोलावली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

सुभद्रा एकदाच माझ्याशी बोलली. कपाळ पांढरं झालेलं. "शेवटाला काय म्हनले का?"

"काही नाही," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली, सुभद्रा भावांबरोबर माहेरी गेली. त्या रात्री केशरबाईनं चार वर्षांत पहिल्यांदा दाराला अडसर घातला. तो लाकडी अडसर खोबणीत बसल्याचा आवाज मी राहुटीत पडून ऐकला.

पहाटे, कोंबडं आरवायच्या सुमाराला, जाग आली. माळवदावर कोणीतरी चालत होतं. टक… मग काहीच नाही. पुन्हा टक… मग काहीच नाही. एक पाय वाजत होता, दुसरा वाजत नव्हता. ते सवण्यापर्यंत गेलं आणि थांबलं. मग आत काहीतरी जड पडलं. मी पांघरूण तोंडात धरून पडून राहिलो. बाहेर आलो नाही. मला ते जमलं नाही.

मग अडसर काढल्याचा आवाज आला आणि केशरबाईची हाक. "उत्तरेश्वरा… हिकडं ये."

ती दिवा धरून उभी होती. सारवलेल्या जमिनीवर सवण्याखाली पांढरा चिखल पडला होता. पांढरी माती आमच्या माळवदांवरही असते, पण ती कोरडी, पिवळट. दोन महिन्यांत पाऊस नव्हता, आणि हा चिखल ओला होता, चुन्यासारखा. तिथून पावलं निघाली होती. उजवा पाय नालाच्या बुटाचा. डावा अनवाणी. ती चुलीपर्यंत गेली होती, तिथून केशरबाईच्या अंथरुणापर्यंत, आणि तिथं बराच वेळ उभं राहिल्यासारखा चिखल साचला होता. मग पावलं दाराकडे वळली. उंबऱ्यापाशी चिखल पुन्हा साचला होता. अडसर काढेपर्यंत तो तिथंच उभा असावा. मग पावलं बाहेर गेली होती.

"माझ्या म्होरनं गेला," केशरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी हाक मारली. थांबला न्हाई. दिवस घातल्याला मानूस घरात कसा ऱ्हाईल? त्या दिशी दारातनं आला असता तर ऱ्हायला असता. तू आनलंवतंस की त्येला दारापातुर."

मी अंगणाकडे तोंड फिरवलं.

"खरं सांग लेकरा. तू पाह्यलंवतंस का?"

मी तिच्या पायांवर पडायला हवं होतं. दहा वर्षं रोज मला तसं वाटतं. मी मात्र अंगणात पाहत होतो. पावलं सारवणावरून सरळ माझ्या गाडीकडे गेली होती आणि डोणीपाशी संपत होती. डोणी अजून वर होती, तिच्यावर भार नव्हता. तो अजून चढला नव्हता. जवळच कुठंतरी उभा होता.

मी राहुटी आणि सगळं सामान तिथंच टाकलं. गाडीला लाथ घातली आणि पळालो. आयुष्यात तेवढा एकदाच मी ती गाडी तिला जमेल तितक्या जोरात चालवली. डोणी रिकामी, हलकी, दगडांवर उडत होती. घाट चढून पाटोद्याच्या अलीकडे त्याच विहिरीशी इंजिन तापलं तेव्हा थांबलो.

दगडाबाई आली. हातात एकच भाकरी होती. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

तिनं भाकरी दिली, कपाळावर हात धरला आणि मी आलो त्या वाटेकडे पाहिलं. "थांब की जरा," म्हणाली. "येतोय त्यो मागनं. येका पायात पायतान न्हाई त्येच्या, लंगडतोय."

नगरला पोचल्यावर छावणीतल्या मुन्शीकडून तो नाक्यावरचा दाखला वाचून घेतला. मोटरसायकल एक, आदमी दो, असं त्यात होतं.

तेव्हापासून मी हळू चालवतो. आधी पळून पाहिलं, पण मग वाटलं, किती वेळा सोडून पळायचं? थांबायची छाती नाही आणि पुढे निघून जायची लाज वाटते. म्हणून ही बैलाची चाल. डोणीत काही ठेवत नाही, सामान मागे बांधतो, ते तुम्ही पाहिलंत. केशरबाई गेल्या श्रावणात गेली. शेवटपर्यंत तिनं सवण्यावर झाकण ठेवू दिलं नाही, पावसात घर गळलं तरी. मी गेलो नाही. ते घर आता पडलंय. त्याला न्यायला जागा उरलेली नाही.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज का सांगतोय ते तिकडे कंदील धरलात तर दिसेल. सकाळपासून हँडल बाजूला ओढतंय. आणि डोणीच्या पायरीवर ते जे पांढरं आहे, ते मी दोनदा पुसलं. अजून ओलंच आहे. डाव्या पायाचं आहे.