भागाबाई देवचंद पाटील

धुळ्याच्या वाचनालयात ब्याण्णव साली कॉम्प्युटर आला आणि ग्रंथपाल कुंदाबाईंनी पदर खोचला. एका लेखकाची सगळी पुस्तकं एकाच नावाखाली यायला हवीत, हा त्यांचा हट्ट. लेखिकांचे तर हालच! लग्नाआधीचं पुस्तक एका कार्डावर, नंतरचं दुसऱ्या कार्डावर, जणू दोन वेगळ्या बायका.

आधी त्यांनी पिंपळनेरच्या भागाबाई देवचंद पाटील यांचं माहेरचं नाव या सासरच्या नावाला जोडलं. एकेकाळी कथा लिहिणाऱ्या या भागाबाई वर्षभर खाटेवर मुक्या पडून होत्या, पोटच्या पोरीलाही ओळखत नव्हत्या. ती एकुलती पोर, सुनंदा, आईची पुस्तकं नेऊन तिलाच वाचून दाखवायची. आईनं एकदा हाक मारावी, एवढंच तिचं मागणं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा धापा टाकत आली. आई बोलली होती. "मना भाऊ कोठे शे?" असं माहेरच्या अहिराणीत आपल्या भावाबद्दल विचारत होती.

योगायोग, असं कुंदाबाई म्हणाल्या खऱ्या. पण लगेच जुनी कार्डं उपसायला बसल्या. आणखी एक भागाबाई देवचंद पाटील निघाल्या. आनंदाच्या भरात त्यांनी त्या कार्डावरचं पुस्तकही त्याच नावाखाली घातलं.

त्याच आठवड्यात आई उठून बसली. लेकीला नावानं हाक मारली, भाकरी मागून खाल्ली. मात्र बोली बदलली होती, पार मुक्ताईनगरकडची. आणि ती सारखी वाल्मीकला बोलवा म्हणत होती.

वाल्मीक कोण, ते सुनंदाला ठाऊक नव्हतं.

कुंदाबाईंनी ते शेवटचं पुस्तक उघडलं. लेखिका मुक्ताईनगरची, वारून बरीच वर्षं झालेली. पुस्तक मुलानं छापलेलं. मुलगा वाल्मीक.

खानदेशात दगड भिरकावला तरी पाटलालाच लागतो, जन्मसाल पाहायला नको होतं? त्या स्वतःवरच चिडल्या आणि नावं वेगळी करायला बसल्या.

सुनंदानं त्यांचा हात धरला. "राहू द्या, अक्का. मला हाक मारते ती."

कुंदाबाईंनी हात मागे घेतला. त्यांनाही रडू आलं.

पत्र गेलं. वाल्मीक आला. पन्नाशीचा, कपाळाला आठ्या, फसवणूक असणार हे ठरवूनच आलेला.

म्हातारीनं त्याला जवळ बसवलं. "अजून पालथाच झोपतो का रे? आईचं ऐकायचं नाहीच?"

त्याच्या आठ्या गेल्या. तो लहान मुलासारखा रडला.

मग तिनं सुनंदाला खुणेनं बोलावलं.

"हा माझा थोरला," ती म्हणाली. "पाया पड याच्या. तू याच्या पाठची."

सुनंदा हसत वाकली.