बजेटात बसणारे टायर

गाडी सजवणाऱ्या पोरांचा मला मनापासून राग येतो. आधी ऐपतीबाहेरची अलॉय चाकं घेतात, मोठी, चकचकीत, आणि मग टायर घ्यायची वेळ आली की तोंड बारीक करून विचारतात, "काका, स्वस्तात काही बसेल का?" अरे बाबा, रस्त्याला टेकतं ते काय तुझं अलॉय? रबर टेकतं, एका चाकाला एक तळहात एवढंच. त्या चार तळहातांवर तुझा जीव आहे. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की मी तोंड उघडलं की माझा फिटरच पुढचं वाक्य पुरं करतो.

भिंगरी मात्र आधी टायरचं विचारायचा. भिंगरी म्हणजे चित्रकलेच्या मास्तरांचा एकुलता एक मुलगा. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून शाळेतच हे नाव पडलं आणि चिकटलं. त्याची जुनी छोटी गाडी माझ्याकडेच यायची. लिफ्टवर घेतली की डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड खाल्लेली. उजवीकडचं वळण तो ब्रेकला पायही न लावता घ्यायचा.

"लेका, टायर खातोस का पोळीबरोबर?" मी ओरडायचो.

"काका, त्या तळ्याच्या वळणावर गाडी गाते हो."

हसायचा असा की पुढचं ओरडणं घशातच राहायचं. प्रत्येकाची चालवायची एक ढब असते आणि ती टायरवर उमटते. माणसांचे चेहरे मी विसरतो, झीज विसरत नाही.

त्यानं कोणाकडून तरी मोठ्या मापाची अलॉय चाकं मिळवली. वापरलेली, पण सरळ. मी स्वतः यंत्रावर फिरवून पाहिली, एकही वाकडं नव्हतं. मग टायरवरून आमचा वाद सुरू झाला. त्या मापात त्याच्यापुढे तीनच रस्ते होते. नरम रबराचे चांगले टायर: रस्त्याला चिकटून राहतात, ओल्यातही सोडत नाहीत, पण महाग, आणि झिजतात लवकर. कडक रबराचे: वर्षानुवर्षं चालतात, खिशाला परवडतात, पण रस्ता ओला असला की त्यांचा भरवसा नाही. आणि कोणीतरी वापरून टाकलेले, जे मी माझ्या दुकानातून विकत नाही. बरीच डोकेफोड करून त्यानं नरमच घ्यायचे ठरवले. "पैसे साठवतो काका. तोवर चाकं तुमच्या माळ्यावर राहू देत."

ते राहूनच गेलं. त्याला साधा ताप आला. मग दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल, आणि बघता बघता पोरगा गेला. मी घरी गेलो तेव्हा मास्तर दारात उभे होते आणि आत वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. चपला घालून परत आलो आणि दुकान बंद करून आत बसून रडलो.

काही महिन्यांनी मास्तर गाडी घेऊन आले. अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटावा इतके वाळलेले.

"त्याची चाकं आहेत ना तुमच्याकडे? बसवायची आहेत. टायर त्यानं ठरवले होते तेच."

"मास्तर, तुम्ही गाडी चालवणार कितीशी? ते टायर तुमच्या कामाचे नाहीत. उगाच खर्च."

"त्याच्या मनात होतं हो."

माळ्यावरून चाकं उतरवली, तेच टायर बसवले. गाडी खरंच देखणी दिसत होती. मास्तर निघाले आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. माणूस जन्मात तिसऱ्या गिअरच्या पुढे गेलेला नाही, आणि रिव्हर्स घ्यायचं म्हटलं की घाम फुटतो.

पुढच्या खेपेला ते हवा भरायला आले तेव्हा मी सवयीनं वाकून पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिलो. डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड खाल्लेली होती.

गाडी लिफ्टवर घेतली. चाकांचं अलाइनमेंट तपासलं, बरोबर होतं. हवा बरोबर. बेअरिंग, बुश, सगळं जागच्या जागी. टायरला एकच दुखणं होतं, कोणीतरी त्याला वळणावर जोरात पळवलं होतं.

"मास्तर, गाडी कोण चालवतं?"

"मीच. बाजारात जातो, तेवढंच."

"बाजारात जाऊन टायर असा होत नाही. शेजारचं कोणी कार्टं किल्ली लांबवत असेल. बघा जरा."

मास्तर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "किल्ली माझ्या खिशातच असते. दुपारी जेवून जरा पडतो मी. उठून पाहतो तर गाडी जागेवरच असते. फक्त उलटी लावलेली. तोंड रस्त्याकडे."

भिंगरी गाडी तशीच लावायचा. मागे मागे घेत, एका दमात.

"तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याला भ्रम झालाय," मास्तर म्हणाले. "वाटू दे. पण ही जेवायला लागलीय. दुपारी फाटकाशी टायर वाजले की हिला कळतं. म्हणते, आला. आणि ताट वाढून घेते. इतके महिने हिच्या पोटात घास टिकत नव्हता."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं की हे काम शेजारच्याच पोराचं. टायर संपले तेव्हा पुन्हा तेच नरम टायर बसवून दिले आणि विषय डोक्यातून काढला.

मग एका दुपारी मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. लख्ख ऊन पडलेलं. समोरून ती गाडी आली. वेगात. कोपऱ्यावर उजवीकडे वळली, ब्रेकचा लाल दिवा लागलाच नाही, आणि टायर एकदा लांब सुरात वाजले. काचेवर उन्हाची तिरीप होती. आत कोण ते दिसलं नाही.

आता चोर सापडला म्हणून मी फिटरची स्कूटर घेतली आणि तडक मास्तरांचं घर गाठलं. गाडीची जागा रिकामी होती. खाली फरशीवर तेलाचा जुना डाग तेवढा. दार उघडंच होतं. आत मास्तर खाटेवर कुशीला झोपले होते आणि सदऱ्याच्या खिशातून किल्लीचं टोक दिसत होतं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात ताट. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला, झोपलेत. तुम्ही बसा ना. येईलच तो एवढ्यात."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी दारातूनच मागे सरलो. "नंतर येतो वहिनी," म्हणालो आणि सटकलो. फाटकाबाहेर थांबून बघायचं होतं. पाय थांबले नाहीत.

दुसरी जोडीही संपली. दोन्ही पुढचे टायर तारेपर्यंत आले होते. मास्तर दुकानात आले ते पायी. मनगटावरचं नेहमीचं घड्याळही नव्हतं, आणि पेन्शनीत टायर बसत नाहीत हे सांगायला मला गणित नको होतं.

"या वेळी जरा बजेटात बघायला हवं," ते खाली बघत म्हणाले. "पण टायर थांबता कामा नयेत. हिचं बघायला हवं ना. गाडी उभी राहिली तर ही पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल."

नरम टायर मी मायेपोटी फुकटच दिले असते, पण मास्तरांनी घेतले नसते. मग मी माझ्या शहाणपणानं विचार केला. कडक रबराचे चारही घातले तर वर्षानुवर्षं बघायला नको. एकच उणेपणा, ओल्या रस्त्यावर धरत नाहीत. आणि खरं सांगतो, मनात आलं, चालवणारा जो कोणी आहे त्याला आता कसला धोका? जायचा तो जीव तर गेलेला.

"हे घ्या," मी म्हणालो. "दणकट आहेत. बजेटात बसतात. फक्त ओल्यात सरकतात."

"मग नको. ओल्यात काही झालं म्हणजे?"

"अहो मास्तर, चालवणाऱ्याला सांगून ठेवा, जरा जपून चालव म्हणावं."

मी हे हसत म्हणालो. मास्तर हसले नाहीत. "सांगतो," म्हणाले, आणि मान हलवली.

त्यानंतर बरेच दिवस सगळं छान चाललं. वहिनींना मी एकदा बाजारात पाहिलं, भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या. आवाज चांगला खणखणीत. टायर बघायला म्हणून मास्तर आले तेव्हा मी कड चाचपली, जेमतेम घासलेली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. भले शाबास, म्हटलं, निवड अशी असावी.

मग एका दुपारी भुरभुर झाली. रस्ता नुसता ओलसर, चपला भिजतील एवढाही नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत क्रेनवाला दुकानासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या ट्रकच्या मागच्या फळीवर मास्तरांची गाडी होती. पुढचा भाग पार आत गेलेला.

"तळ्याच्या वळणावर कठड्याला धडकली," तो म्हणाला. "आत कोणी नव्हतं. कोणी पळून गेलं म्हणावं तर सगळी दारं आतून लॉक होती." तो जरा जवळ आला. "आणि गाडीचे मालक, ते बाबा, तिथं आले आणि ऐकेनात. खिशातली किल्ली लावून पलीकडच्या दारानं चढले. वर गाडीतच बसून आलेत."

मी आधी टायर पाहिला. तेच कळतं मला.

डाव्या पुढच्या टायरवर एका जागी रबरच नव्हतं. सपाट तासल्यासारखा, आतले धागे बाहेर. चाक जाम करून गाडी घसरली की असं होतं. त्या वळणावर त्यानं कधी ब्रेक लावला नव्हता. या वेळी लावला होता. जीव खाऊन लावला होता.

टायरनं धरलं नव्हतं.

मी फळीवर चढलो. मास्तर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

"मी सांगितलं होतं त्याला," ते म्हणाले. "गाडीपाशी उभा राहून मोठ्यानं सांगितलं. टायर बदललेत, जपून. ऐकतो कुठे?"

"मास्तर, खाली या."

"ही ताट वाढून बसलीय. मी हिला काय सांगू?"

माझ्या तोंडून "माझं चुकलं हो" एवढंच आलं. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"हे तेवढं काढा तुम्ही," ते म्हणाले. "माझ्यानं होत नाही."

मी पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा लावलेला होता. धडक बसली की पट्टा आवळतो आणि आवळला तिथेच अडकतो. हा खांद्यापाशी ताणलेला होता आणि कमरेपाशी ताणलेला होता. मधे तो सीटला टेकत नव्हता.

मास्तरांच्या मांडीवरून हात लांब करून मी बक्कल चाचपलं.

लाल बटण दाबलं.

पट्टा ढिला पडला. सीटची गादी दबलेली होती हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती हळूहळू वर येऊ लागली. मास्तरांनी घाईनं तळहात पुढे केला, पण तो टेकेपर्यंत गादी सपाट झाली होती.