डाव्या नळीतला बार

सकाळी आठला बंदूक दुरुस्तीच्या दुकानातला फोन वाजत राहिला. वेंडेल क्रेट्झने तो उचलला नाही. तो दुकानामागे, ओढ्याच्या काठावर उभा होता. हातात बंदुकीची नळी कोरायचं हत्यार होतं, चाळीस वर्षं वापरलेलं. याच हत्याराने त्याने आपल्या मित्राची, डेल्मर लाइकरची दुनळी तोंडाशी आतून कोरून दिली होती. आणि शनिवारी, लाव्यांच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी, ती दुनळी डेल्मरच्या हातात फुटली होती. डेल्मर जागच्या जागी गेला.

वेंडेलने हत्यार पाण्यात फेकलं.

मागे गाडी थांबली. शेरिफची डेप्युटी लोर्ना वासिंगर धावतच खाली आली.

"वेंडेलकाका, फोन का उचलत नाही? मला वाटलं, स्वतःचं काही बरंवाईट करून घेतलंत की काय!"

"मनात आलं होतं. हिंमत झाली नाही."

"काहीतरी बोलू नका. चला, शेरिफनी बोलावलंय. बंदुकीवरचं काम तुमचंच, एवढं ओळखून सही करायची. बारा वाजता सरकारी वकील कागद दाखल करणार आहेत."

"कसले?"

लोर्नाने मान खाली घातली. "निष्काळजीपणाने जीव घेतल्याचे."

"बरोबरच आहे," वेंडेल म्हणाला आणि गाडीत बसला.

कॅन्ससचं नोव्हेंबरचं वारं गाडीला ढकलत होतं. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि रानप्लमची झुडपं, लाव्यांची हक्काची जागा. या झुडपांतून तो आणि डेल्मर पन्नास वर्षं हिंडले होते.

"ती बंदूक मीच निवडून दिली गं," तो एकदम बोलायला लागला. "जुन्या घाटाची, पण इटलीत नवी बनवलेली. ठासणीची, तोंडातून दारू भरायची. त्याला मोठी, दहा नंबरची हवी होती. मी म्हटलं, ते धूड घेऊन दिवसभर गवत तुडवशील का रे? बाराची घे, ती हलकी. त्याचे हात आखूड म्हणून दस्ता इंचभर कापला. पण या नव्या नकला म्हणजे नुसत्या सरळ नळ्या. छर्रे पंचवीस पावलांवर भलतीकडेच पसरतात. म्हणून दोन्ही तोंडांना आतून उथळ कडं कोरलं, छर्रे एकत्र राहावेत म्हणून. तिथे पत्रा पातळ होतोच. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू. जास्तच कोरलं गेलं असणार."

"असणार म्हणजे? तुम्ही पाहिलीत का फुटलेली नळी?"

"मला कोण दाखवतंय? रविवारी डेल्मरच्या बायकोकडे, अर्माच्या दारी गेलो, तर त्या बाईने काचेआडून मला पाहिलं आणि पडदा ओढला. उद्या दहाला दफन. शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांतून माझं नाव खोडलंय. तुरुंगाचं काही नाही गं. पण पन्नास वर्षांचा दोस्त, आणि त्याला मी मारलं? आणि खांदा द्यायचीसुद्धा लायकी नाही माझी?"

लोर्नाने गाडीचा वेग कमी केला आणि विचारलं, "डेल्मरचं कुणाशी वाकडं होतं?"

"त्याचं? छे! सोमवारी वन्यजीव खात्याच्या कागदावर सही करणार होता. हे सगळं रान शिकाऱ्यांना खुलं, कुणीही यावं, फुकट. मी म्हटलं, अरे, तुझ्या मेहुण्याच्या शिकारी लॉजचं काय? त्याची शहरी गिऱ्हाइकं याच रानावर येतात. तर म्हणाला, रॉस चार दिवस फुगेल, मग रविवारी मुकाट जेवायला येईल. शुक्रवारी संध्याकाळी शिकारीचं सामानही त्याच्याच लॉजवर ठेवून आला."

शेरिफच्या कचेरीत रॉस बीकर बसलाच होता. अर्माचा धाकटा भाऊ. शनिवारी डेल्मरसोबत तोच एकटा होता, आणि आज जबानीवर सही करायला आला होता.

"आलास म्हातारबा?" तो म्हणाला. "माझ्या बहिणीला विधवा केलंस की रे!"

लोर्नाने वेंडेलला आत नेलं.

टेबलावर दुनळी होती, बाजूला ठासणीचा गज आणि बंदुकीच्या दारूची पितळी कुपी. वेंडेलने चष्मा चढवला. मग खुर्ची ओढली. मग दिवा जवळ घेतला.

"लोर्ना, ही इथे का फुटलीय?"

उजवी नळी मुळाशी, घोड्यापासून चार बोटांवर उकलली होती. तोंडाकडचं कोरलेलं कडं जसंच्या तसं होतं. वेंडेलने त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"माझं काम शाबूत आहे," तो पुटपुटला. रडावं की हसावं, त्याला कळेना. मग त्याने फुटलेल्या भागाला नाक लावलं. "ही कुणी धुतली?"

"कुणीच नाही. शनिवारपासून कुलपात आहे."

"नक्की?"

"किल्ली माझ्याकडेच आहे, काका."

"रॉसची जबानी वाच."

लोर्नाने वाचली. "'लावे उठले. डेल्मरने चाप ओढले. दोन्ही नळ्या एकदम सुटल्या. एवढा पांढरा धूर झाला, की मला तो दिसेचना. धूर ओसरल्यावर पाहिलं, तर खाली पडलेला. मी कशालाही हात न लावता मदत आणायला पळालो.'"

"कुपी कुठे होती?"

"डेल्मरच्या गळ्यात. आत ठासणीला लागते ती काळीच दारू आहे, आम्ही तपासली. गळ्यापर्यंत भरलेली."

"गळ्यापर्यंत?"

"हो."

"त्या दिवशी आधी किती बार टाकले होते?"

"एकही नाही. ती पहिलीच खेप."

वेंडेलने गज उचलला. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने दोन खाचा पाडल्या होत्या: एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या. गज त्याने डाव्या नळीत सोडला. ठक्. खाच पाहिली, आणि अंगठ्याने पुन्हा चाचपली.

"शेरिफना बोलाव," तो म्हणाला. "रॉसलाही."

दोघं आत आले. शेरिफने घड्याळाकडे पाहिलं. "वेंडेल, सही कर आणि मोकळा हो."

"करतो. आधी रॉसला एक विचारू द्या. रॉस, दोन्ही नळ्या सुटल्या ना?"

"जबानीत आहे ते."

"तू बंदुकीला हात नाही लावलास?"

"नाही म्हणून सांगितलं ना!"

"मग डाव्या घोड्याखालची, बार पेटवणारी टोपी कुणी काढली? उजवीकडे उडालेल्या टोपीचा पत्रा चिकटलाय. डावीकडे काहीच नाही."

"उडून पडली असेल."

"तसंही होतं. पण मग आत बार कसा?" वेंडेलने खिशातून बार ओढून काढायचा पिळाचा आकडा काढला आणि गजाच्या टोकाला बसवला. "साहेब, तुमच्या बंदुका मागून उघडून आत बघता येतं. ठासणीच्या बंदुकीत बाहेरून काही दिसत नाही. गजच सांगतो. ही डावी नळी तीन दिवस तुमच्या कपाटात भरलेली पडलीय."

शेरिफ दोन पावलं मागे सरला. वेंडेलने गज नळीत घालून पिळला, आकडा नेमका रुतला. बोळा निघाला. छर्रे टेबलावर घरंगळले. मग दुसरा बोळा. मग त्याने पांढऱ्या कागदावर नळी उपडी केली.

कागदावर चकचकीत, हिरवट करड्या चकत्या सांडल्या.

"ही काळी दारू नाही," वेंडेल म्हणाला. "ही आजकालच्या काडतुसातली, बिनधुराची. ठासणीच्या नळीत हिचा जोर मावत नाही, नळी मुळाशी फाटते. लोर्ना, कुपी ओत."

कुपीतून कोळशासारखे काळे दाणे पडले.

"बंदुकीत एक दारू, कुपीत दुसरी. डेल्मरने दोन्ही नळ्या भरल्या, तरी कुपी गळ्यापर्यंत भरलेली कशी? कारण ही त्याची कुपी नाही. मी दोन सारख्या कुप्या आणल्या होत्या, एक त्याला, एक रॉसला. डेल्मरची कुपी आदल्या संध्याकाळी लॉजवर होती, तेव्हाच तिच्यातली दारू बदलली गेली. तो पडल्यावर रॉसने ती काढून घेतली आणि स्वतःची कुपी त्याच्या गळ्यात घातली."

"काहीतरीच!" रॉस ओरडला. "धूर मी डोळ्यांनी पाहिलाय!"

"तिथेच फसलास. काळ्या दारूने नळी काजळीने भरते, सडक्या अंड्यासारखी घाण मारते, आणि न धुता ठेवली तर दुसऱ्या दिवशी गंज चढतो. ही फुटलेली नळी आतून लख्ख आहे. धूर झालाच नाही, रॉस. जो व्हायला हवा होता, तो तू सांगितलास."

"आणि डावा बार?" लोर्नाने रॉसला विचारलं. "तो का नाही काढलात?"

"रानात पिळाचा आकडा कुठून—" रॉस बोलून गेला, आणि थांबला.

"म्हणून नुसती टोपी काढलीस," वेंडेल हळूच म्हणाला. "म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, दोन्ही सुटल्या."

रॉस खुर्चीत कोसळला. "तो सगळं फुकट वाटणार होता! वीस वर्षं घातली मी त्या लॉजमध्ये. पाया पडलो त्याच्या. म्हणाला, चिडू नकोस, रविवारी जेवायला ये." तो ढसाढसा रडायला लागला.

शेरिफने त्याला नेलं. वकिलाचा कागद टेबलावर तसाच राहिला.

वेंडेलला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटेना. डेल्मर काही परत येणार नव्हता. आणि आता कुणीतरी अर्माला सांगणार होतं, की नवरा कुणी मारला.

तासाभराने लोर्ना अर्माकडून परतली. डोळे लाल होते.

"काय म्हणाली?"

"आधी आतून डेल्मरचा कोट आणला आणि मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, वेंडेलला सांग, उद्या दहाला वेळेवर ये. उचलणाऱ्यांत रॉसची जागा रिकामी झालीय."