भिंतीपलीकडचं रडणं

"सहातली पाच गेली, ताई. सगळी दुपारीच." साधनाच्या ओंजळीत सहावं पिल्लू होतं, डोळेही न उघडलेलं. "एवढं तरी वाचवा."

नेरला वैशाख भाजून काढत होता. यवतमाळहून आलेल्या गुप्तहेर विजयमालाताई पिल्लांच्या पेटीपाशी बसल्या. त्यांचा मदतनीस फुलचंद घाम पुसत कुजबुजला, "शेजाऱ्यानं विष देलं असन, ताई."

"विष नाही, रोगही नाही," साधना म्हणाली. ती लॅब्राडॉरची पिल्लं वाढवून विकायची. "डॉक्टरांनी पाहिलं. पोटात दूध होतं, पण पचलेलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आधीच्या वेताची आठही बल्बच्या उबेत जगली होती."

"दुपारी तू कुठं असतेस?"

"इथंच. रात्रभर दर दोन तासांनी उठते, म्हणून दुपारी डोळा लागतो." तिचा आवाज खाली गेला. "झोपेत रडणं ऐकू येतं. पेटीतून नाही, भिंतीपलीकडून. उठते तर पिल्लं पेटीतच, आणि त्यांची आई जुई सासूबाईंच्या दाराशी बसलेली."

शेजारचा धम्मरत्न चिडला. "भुकण्याची तक्रार केली म्हणून काय पिल्लं मारीन? दुपारभर मी दुकानात, घराले कुलूप!"

सासूबाई कांताबाई आपल्या खोलीत कूलरसमोर बसल्या होत्या. वाळ्याचा ओला वास होता. फुलचंदचा पाय तिथून निघेना.

"माहं पहिलं लेकरू असंच वैशाखात गेलं," त्या म्हणाल्या. "बारा दिसाचं. आंग तव्यावानी. आताबी दुपार झाली का रडनं ऐकू येते."

विजयमालाताई पेटीपाशी परतल्या. त्यांनी पिल्लाच्या तोंडात बोट घातलं, मग त्याच्या केसांतून एक काडी वेचली.

"या खोलीत कूलर आहे?"

"नाही. झोत नको म्हणून पंखासुद्धा बंद."

पिल्लू हातात घेऊन त्यांनी सगळ्यांना कांताबाईंच्या खोलीत बोलावलं.

"बाहेर चव्वेचाळीस अंश, अन् पिल्लाचं तोंड गार. ही काडी वाळ्याची, कूलरच्या ताटीतली. एवढ्या लहान जिवाला स्वतःची ऊब धरता येत नाही. गारठलं की दूधही पचत नाही. भिंतीपलीकडे पिल्लंच रडत होती, साधना. म्हणूनच जुई त्या दाराशी बसायची."

फुलचंदनं धम्मरत्नकडं ओशाळून पाहिलं.

कांताबाईंनी पिल्लाकडं पाहिलं. "तापून राह्यले होते बिचारे. मले वाटलं, यायले तरी थंडावा भेटू दे. सूनबाई दमून निजलेली, तिले कायले उठवू? कूलरपुढं निजवत होती, अन् तिच्या उठायच्या आंधी परत पेटीत ठेवत होती."

साधनानं ताईंच्या हातातून पिल्लू घेतलं.

मग तिनं पिल्लू सासूबाईंच्या पोटाशी ठेवलं, वर पदर ओढला. "दूध आत्ता नको. आधी ऊब."

कांताबाईंनी स्वतः उठून कूलर बंद केला. खोली तापत गेली. दोघी घामानं निथळत बसून राहिल्या, जुई पायाशी.

उन्हं कलली तेव्हा पदराआडून बारीक रडणं आलं.

कांताबाई दचकल्या. "तुलेबी ऐकू येते का, पोरी?"

"हो, आई," साधना म्हणाली. "मलाही येतंय."