दुसरी बाजू येतेय!

"ढब्बू, हे बघ! सात नंबर... शिंपीणमावशींचा खटला!" कोर्टाच्या दाराशी लावलेल्या यादीवर बोट ठेवत चिमणी ओरडली.

"शक्यच नाही!" तिचा धाकटा भाऊ म्हणाला. "तो 'साइनी डाय' आहे, आत्याच म्हणाली ना!"

सुट्टीत दोघं वकील आत्याबरोबर रोज कोर्टात येत. लॅटिन शब्दांची गोडी तिनंच लावलेली. साइनी डाय म्हणजे तारीख न ठरवता पुढे ढकललेला. मग आत्या लढत असलेला मावशींचा खटला आजच्या यादीत कसा?

बाकावर आत्याचे कारकूनकाका पेपर वाचत होते. "डायरीत 'साइनी डाय' मी स्वतः लिहिलंय! यादीच चुकली असेल. जा, खेळा!"

"पण आपलं कोणीच नसलं, तर निकाल एक्स पार्टे लागेल!"

"पार्टी?" ढब्बूनं विचारलं.

"एकाच बाजूचं ऐकून, बावळटा! जागामालक जिंकेल, मावशींचं दुकान जाईल!"

"सहा नंबर!" आतून पुकारा झाला. आत्या वरच्या मजल्यावर, दुसऱ्या खटल्याची वाट पाहत बसलेली.

"पळ! आत्याला आण!"

ढब्बू जिन्याकडे सुसाट सुटला. चिमणी आत शिरली.

"सात नंबर! प्रतिवादीतर्फे कोण?"

कोणीच नाही! समोरचे वकील उठले, "एकतर्फी आदेश व्हावा." न्यायाधीशबाईंनी पेन उचललं.

"थांबा!"

हा आवाज आपलाच, हे चिमणीला उशिरा कळलं. सगळं कोर्ट वळलं. शिपाई तरातरा तिच्याकडे निघाला.

"ऑडी... ऑडी आल्टेरम पार्टेम! म्हणजे दुसऱ्या बाजूचंही ऐका! ती... ती दुसरी बाजू येतेय! जिन्यानं!"

कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. "पाच मिनिटं."

एक मिनिट. दोन. चार! ढब्बू कुठं उलथला?

दार धाडकन उघडलं! धापा टाकत आत्या, मागे लालबुंद ढब्बू!

काकांना आत बोलावून आत्यानं डायरी उघडली आणि उलगडा झाला. वरच्या ओळीतल्या खटल्याचा 'साइनी डाय' शेरा काकांनी खालच्या, मावशींच्या ओळीतही उतरवला होता! त्यांनी मान खाली घालून चूक कबूल केली. न्यायाधीशबाईंनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

"कोर्टात असं मध्येच बोलायचं नसतं, मुली," त्या म्हणाल्या. चिमणीचे डोळे भरून आले. "पण आज बोललीस ते फार बरं केलंस. आणि लॅटिन चोख आहे हं तुझं!"

संध्याकाळी शिंपीणमावशींनी सगळं ऐकलं आणि दोघांना जवळ ओढलं. मग डोळे पुसून पुन्हा मशीनवर बसल्या. उद्या द्यायचा फ्रॉक अजून अर्धाच शिवून झाला होता.