कोरा रकाना

कार्यालयात तिला सगळे नकाशाताई म्हणत. पक्षी जिथं दिसला तिथलं पाणी, झाडोरा, ऊन पाहून तो आणखी कुठं टिकेल, हे संगणकाकडून रंगवून घेणं तिचं काम. लाल म्हणजे पक्ष्याची जागा, ती राखायची. पांढरी जागा बांधकामाला मोकळी.

नऊ वर्षांपूर्वी तिनं एक घोडचूक केली होती. पक्षी मोजणारे तिचे सख्खे मामा पाय मोडून घरी पडले, म्हणून मोठ्या तळ्याचे रकाने कोरे आले. कोरा म्हणजे कुणी पाहिलंच नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि पक्षी नव्हता. हे शेंबड्या पोरालाही कळेल. घाईत तिनं सगळीकडे शून्य भरलं. तळं पांढरं झालं, बुजवलं गेलं आणि तिथं चार इमारती उभ्या राहिल्या. मामा तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या तळ्यातली लाजरी नावाची पाणकोंबडी आता उरली होती फक्त इमारतींसमोर, रस्त्याअलीकडच्या डबक्यात. आज चार वाजता त्या डबक्याचाही निकाल लागणार होता. तिनं गणित चालवलं. डबकं पांढरं आलं. लालभडक आल्या त्या चार इमारती.

इमारतींत लाजरी दिसल्याची एकही नोंद संगणकात नव्हती. तरी तीनदा तेच.

"डबक्याचा रकाना कोराच ठेव," तिनं कारकुनाला सांगितलं. "मी मोजून आकडा कळवते, तो घालून नकाशा पुन्हा काढ." आणि मामांना घेऊन ती निघाली.

डबक्यावर स्वच्छ ऊन होतं. लव्हाळ्यांच्या कडेनं सहा लाजऱ्या चरत होत्या. तिचा जीव भांड्यात पडला.

"सहा, मामा. लिहा."

मामा डोळे मिटून उभे होते. ते नेहमी कानानंच मोजत. "इथं एकही नाही गं."

"अहो, त्या काय समोर."

"नीट बघ."

तिनं दुर्बीण लावली. चोची उघडत होत्या, गळे फुगत होते. वारा ऐकू येत होता, गाड्या ऐकू येत होत्या. पक्षी ऐकू येत नव्हते.

मग साद आली. रस्त्यापलीकडून, इमारतींच्या तळघरातून. चोच इकडं उघडे आणि आवाज तिकडून येई.

"कधीपासून, मामा?"

"तळं बुजलं तेव्हापासून. म्हटलं, म्हाताऱ्याचे कान वाजतायत."

फोन वाजला. पावणेचार झाले होते.

"ताई, आकडा सांगा," कारकून म्हणाला. "साहेब खोळंबलेत."

"सहा," ती म्हणाली.

"हॅलो?"

"सहा. सहा लिही."

"ताई, तुमचा आवाजच येत नाहीये. शून्य भरतो हं."

ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

तिच्या शेजारी उभे असलेले मामा दचकले आणि मान वळवून इमारतींकडे पाहू लागले.